छोट्या रेल्वेचा शिल्पकार : फ्रँक हॉर्नबी

पाठाची ओळख : फ्रँक हॉर्नबी हे इंजिनिअरिंग शिकलेले नव्हते. ते एका कचेरीत हिशेब लिहिण्याचे काम करत. आपल्या मुलांसाठी खेळणी तयार करता करता त्यांनी एक नवा शोध लावला आणि पुढे सांधे व सिग्नल असलेली छोटी रेल्वे जगातल्या असंख्य घरांत नेऊन पोहोचवली. या पाठात त्यांच्या मेहनतीची, हिमतीची आणि त्यांच्या छोट्या रेल्वेची माहिती दिली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, मनमाड, भुसावळ किंवा कुर्ला यांसारख्या मोठ्या स्टेशनाच्या पुलावर तुम्ही कधी उभे राहिला आहात का? पुलावरून खाली पाहिले, की रुळांचे जाळे दिसते. एक गाडी येते, दुसरी सुटते, तिसरी लांब उभी राहून वाट पाहते. इतक्या गाड्या असूनही त्या एकमेकींवर आदळत नाहीत. हे कशामुळे घडते? दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे सांधे आणि दुसरी म्हणजे सिग्नल. सांधा गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेतो. पुढे जायचे की थांबायचे, हे सिग्नल सांगतो.

आता अशी कल्पना करा, की हे सगळे स्टेशन कोणीतरी लहान केले आणि तुमच्या घरातल्या सतरंजीवर आणून मांडले. वीतभर लांबीचे इंजीन, बोटभर उंचीचे प्रवासी, पत्र्याचे फलाट आणि खरोखर वरखाली होणारे सिग्नल! त्या स्टेशनचे स्टेशनमास्तर तुम्हीच आणि सिग्नल देणारेही तुम्हीच. इंग्लंडमधील हजारो मुलांना हा आनंद मिळवून देणाऱ्या माणसाचे नाव फ्रँक हॉर्नबी.

फ्रँकचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या शहरात झाला. लिव्हरपूल हे मोठे बंदर. तेथील गोदीत देशोदेशीची जहाजे येत. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या याऱ्या दिवसभर हलत असत. रेल्वेच्या इतिहासातही या शहराला मानाचे स्थान आहे. लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांना जोडणारी रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली होती. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. म्हणजे फ्रँकच्या जन्माच्या वेळी आपली रेल्वे अवघी दहा वर्षांची होती.

फ्रँकचे वडील किराणा मालाचे व्यापारी होते. फ्रँकला शाळेच्या अभ्यासात फारशी गोडी नव्हती. सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि वडिलांच्या दुकानात रोखपालाचे काम सुरू केले. मात्र वाचनाची आवड त्याने सोडली नाही. गरिबीतून वर आलेल्या, अनेकदा हरूनही पुन्हा उभ्या राहिलेल्या संशोधकांची चरित्रे तो आवडीने वाचत असे. आपणही काहीतरी नवे करून दाखवावे, असे त्याला वाटे. फावल्या वेळात तो निरनिराळी यंत्रे तयार करू पाही. एकदा सुरू केले की कधीच न थांबणारे यंत्र तयार करण्याचाही त्याने प्रयत्न केला. असे यंत्र कोणालाच तयार करता येत नाही, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. अर्थात फ्रँकचा प्रयत्न फसला. पण हातात हत्यारे धरण्याची सवय मात्र त्याला लागली.

१८८७ मध्ये हॉर्नबींचे लग्न झाले. त्यांची पत्नी क्लारा शाळेत शिक्षिका होती. त्यांना रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. १८९९ मध्ये हॉर्नबींचे वडील वारले आणि त्यांचा व्यवसाय बंद पडला. आता हॉर्नबींना दुसरीकडे नोकरी शोधणे भाग होते. डेव्हिड एलियट नावाचे एक व्यापारी परदेशातून मांस आणून लिव्हरपूलमध्ये विकत असत. त्यांच्या कचेरीत हॉर्नबी हिशेबनीस म्हणून काम करू लागले. दिवसभर जमाखर्चाच्या वह्या लिहायच्या आणि संध्याकाळी घरी यायचे, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला.

घरी आल्यावर मात्र त्यांचे दुसरे काम सुरू होई. पातळ पत्रा कापून ते मुलांसाठी खेळणी तयार करत. पूल, मालगाडीचे डबे, याऱ्या अशी खेळणी ते हाताने घडवत. मुले खूश होत. पण यात एक अडचण होती. यारीसाठी कापलेले भाग फक्त यारीलाच उपयोगी पडत. मुलांना पूल हवा असेल, तर सगळे भाग पुन्हा नव्याने कापावे लागत. इतकी मेहनत करूनही एका खेळण्यातून एकच वस्तू तयार होई.

एकदा ते रेल्वेने प्रवास करत होते. असे सांगतात, की खिडकीतून बाहेर पाहताना त्यांना रुळांच्या बाजूला उभी असलेली एक छोटी यारी दिसली. अशी यारी आपल्या मुलांना तयार करून द्यावी आणि पुढच्या खेळण्यासाठी नव्या भागांची वाट पाहावी लागू नये, यासाठी काय करता येईल, याचा ते विचार करू लागले. मग त्यांना युक्ती सुचली. सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या करायच्या. त्यांना सारख्या अंतरावर सारखी भोके पाडायची. मग कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येईल. खेळून झाले, की नट-बोल्ट सोडवायचे आणि त्याच पट्ट्यांपासून दुसरी वस्तू उभी करायची! त्यांनी पट्टीची रुंदी अर्धा इंच ठेवली आणि दोन भोकांमधले अंतरही अर्धा इंच ठेवले.

ही युक्ती ऐकायला किती सोपी वाटते! पण मित्रांनो, सोपी गोष्ट सर्वांत आधी सुचणे हेच अवघड असते. आज त्यांच्या पट्टीकडे पाहून कोणालाही वाटेल, की हे मलाही जमले असते.

आपली कल्पना दुसऱ्या कोणी उचलू नये, म्हणून तिचे पेटंट घेणे आवश्यक होते. त्यासाठी पैसे लागणार होते आणि हॉर्नबींजवळ तेवढे पैसे नव्हते. ही अडचण त्यांनी आपले मालक एलियट यांना सांगितली. एलियट यांनी त्यांना पाच पौंड उसने दिले. त्या काळी हिशेब लिहिणाऱ्या नोकराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. जानेवारी १९०१ मध्ये हॉर्नबींनी पेटंट घेतले. विचार करा, त्या दिवशी मालकाने नकार दिला असता तर? आपला नोकर कचेरीबाहेर काय करतो, याच्याशी एलियट यांचा काही संबंध नव्हता. तरीही त्यांनी हॉर्नबींवर विश्वास ठेवला. एवढेच नव्हे, तर आपल्या कचेरीशेजारची रिकामी जागा त्यांना वापरू दिली आणि या उद्योगात ते भागीदारही झाले.

लिव्हरपूलच्या विद्यापीठात हील-शॉ नावाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. हॉर्नबींनी त्यांना आपले खेळणे दाखवले. प्राध्यापकांना ते आवडले आणि त्यांनी तसे लेखी कळवले. यामुळे हॉर्नबींना धीर आला. १९०२ मध्ये त्यांचे पहिले संच विक्रीस आले. संचाचे नाव होते मेकॅनिक्स मेड ईझी, म्हणजे सोपे यंत्रशास्त्र. त्यात सोळा प्रकारचे भाग होते आणि बारा वस्तू कशा जोडायच्या याची माहिती होती. १९०३ मध्ये पंधराशे संच विकले गेले. पण हिशेब मांडला, तेव्हा नफा काहीच उरला नव्हता!

इतरांची जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या वहीतला हा आकडा पाहून काय वाटले असेल? घरात मुले होती. महिन्याचा पगार बुडवून चालणार नव्हते. हॉर्नबींनी नोकरी सोडली नाही आणि खेळण्याचा नादही सोडला नाही. ते दोन्ही कामे करत राहिले. संचात नवे नवे भाग घालत राहिले. अखेर १९०६ च्या सुमारास थोडासा नफा दिसू लागला. मागणी इतकी वाढली, की बाहेरून भाग करून घेणे पुरेना. तेव्हा १९०७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि स्वतःचा कारखाना काढला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या खेळण्याला एक नवे, सुटसुटीत नाव दिले. ते नाव म्हणजे मेकॅनो. १९०८ मध्ये मेकॅनो कंपनी स्थापन झाली. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर तिचा मोठा कारखाना उभा राहिला. मुलांना नवे नमुने कळावेत, म्हणून १९१६ मध्ये त्यांनी एक मासिकही सुरू केले.

मेकॅनो हे केवळ खेळणे राहिले नाही. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी अवघड गणिते सोडवणाऱ्या यंत्राचा एक नमुना तयार केला. तो त्यांनी मेकॅनोचे भाग जोडून उभा केला होता!

आता छोट्या रेल्वेकडे वळू. पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमध्ये खेळण्यातल्या बहुतेक आगगाड्या जर्मनीहून येत. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि हा माल बंद झाला. युद्ध संपल्यावरही लोकांना जर्मन माल नकोसा वाटे. १९२० मध्ये हॉर्नबींनी स्वतःची आगगाडी बाजारात आणली. ती चावीवर चालत असे. तिचे भाग मेकॅनोप्रमाणे नट-बोल्टने जोडलेले होते. त्यामुळे मुलांना गाडी उघडून आत काय आहे ते पाहता येई आणि पुन्हा जोडता येई. तिच्या दोन रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर होते. १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडीही आली.

पण नुसती गाडी गोल गोल फिरत राहिली, तर मुलांना ती किती दिवस आवडेल? हॉर्नबींच्या कंपनीने ही गोष्ट ओळखली. गाडीबरोबर सांधे, फलाट, बोगदे, मालधक्के आणि सिग्नल असे सगळे सामान मिळू लागले. पत्र्याच्या खांबावर सिग्नलचा लाल हात असे. छोटी दांडी ओढली, की तो हात खरोखर हले. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तर एक विशेष संच निघाला. त्यात पत्र्याची एक सिग्नल केबिन होती आणि तिच्यात दांड्यांची ओळ होती. प्रत्येक दांडीपासून एक तार निघून रुळांपर्यंत जाई. मुलाने केबिनजवळ बसून दांडी ओढली, की दूरवरचा सांधा बदले किंवा सिग्नल हले. गाडीही तेथूनच थांबवता किंवा सोडता येई. १९२८ मध्ये या गाड्यांच्या मालक मुलांसाठी कंपनीने एक मंडळ सुरू केले. त्यातील मुले एकत्र जमून खऱ्या रेल्वेप्रमाणे वेळापत्रक ठरवत आणि गाड्या चालवत.

अशी रेल्वे मांडायची तर आधी काय करावे लागते? आधी कागद आणि पेन्सिल घ्यावी लागते. हॉर्नबींच्या मोठ्या वळणाच्या बारा तुकड्यांचे एक वर्तुळ होई. वर्तुळात ३६० अंश असतात. त्यांना बाराने भागा. प्रत्येक तुकडा गाडीला ३० अंशांत वळवतो. या वर्तुळाची त्रिज्या दोन फूट होती. म्हणजे खोलीत चार फुटांहून जास्त रुंदीची मोकळी जागा हवी. जागा कमी असेल, तर एक फूट त्रिज्येची लहान वळणे घ्यावी लागत. वर्तुळाचे दोन भाग करून मध्ये दोन्ही बाजूंना सारखेच सरळ रूळ घातले, की लांबट आकार तयार होतो. तेथे स्टेशन मांडता येते.

स्टेशनात एका गाडीने थांबावे आणि दुसरीने पुढे जावे असे वाटत असेल, तर सांधे घालून बाजूला दुसरा रूळ न्यावा लागतो. येथे एक चूक नेहमी होते. बाजूचा रूळ गाडीपेक्षा आखूड पडतो. मग शेवटचा डबा सांध्यावरच राहतो आणि मागची गाडी अडते. म्हणून आधी गाडीची लांबी मोजायची आणि मग रूळ आखायचा.

त्यानंतर सिग्नलची जागा ठरवायची. सिग्नल सांध्याच्या अलीकडे हवा, म्हणजे गाडी सांध्यावर पोहोचण्यापूर्वीच थांबेल. गाडी सुटताना पाहायचा सिग्नल फलाटाच्या पुढच्या टोकाला हवा. हात आडवा असेल, तर थांबायचे. तो खाली झुकला, तर पुढे जायचे. आपल्याकडेही जुने लोक सिग्नल पडला, गाडी आली असे म्हणत. ते याच झुकणाऱ्या हातावरून. आता बहुतेक ठिकाणी हातांची जागा रंगीत दिव्यांनी घेतली आहे.

सिग्नल आणि सांधा यांचा मेळ बसणे फार महत्त्वाचे असते. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, असे झाले तर अपघात ठरलेलाच! इंग्लंडमधील जॉन सॅक्सबी यांनी यावर उपाय शोधून १८५६ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. पुढे या पद्धतीत सुधारणा होत गेल्या. केबिनमधील दांड्या एकमेकींशी अशा जखडलेल्या असतात, की सांधा बरोबर बसल्याशिवाय सिग्नलची दांडी हलतच नाही. माणूस चुकला, तरी दांडी त्याला चुकू देत नाही.

सिग्नलमधली आणखी एक गोष्ट तुम्ही घरीही करून पाहू शकता. जाड पुठ्ठ्याचा एक हात कापा आणि तो खिळ्याने लाकडी खांबाला सैल जोडा. हाताची लांब बाजू खांबाच्या एका बाजूला आणि छोटी शेपटी दुसऱ्या बाजूला राहू द्या. शेपटीला एक जड नट बांधा. शेपटीच्या खाली एक खिळा ठोका, म्हणजे हात बरोबर आडवा राहील. शेपटीला दोरा बांधून तो खांबाच्या टोकावरील खिळ्यावरून खाली आणा. दोरा ओढला, की शेपटी वर जाईल आणि हात झुकेल. गाडीला वाट मिळाली! आता दोरा कापून टाका. काय होईल? जड नट खाली येईल आणि हात पुन्हा आडवा होईल. म्हणजे दोरा तुटला, तरी सिग्नल थांबा असेच सांगेल. खऱ्या रेल्वेतही हेच तत्त्व पाळतात. काही बिघडले, तर गाडी थांबली पाहिजे. उशीर झाला तरी चालेल, पण कोणाचा जीव जाता कामा नये.

हॉर्नबींच्या उद्योगाची पुढे खूप भरभराट झाली. त्यांच्या कंपनीने काढलेल्या डिंकी नावाच्या छोट्या मोटारीही मुलांच्या आवडीच्या झाल्या. पाच पौंड उसने घेणारा हिशेबनीस आता लक्षाधीश झाला होता. १९३१ मध्ये ते लिव्हरपूलच्या एव्हर्टन भागातून संसदेवर निवडून आले आणि १९३५ पर्यंत खासदार होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून मुलगा रोलंड याने कंपनीचा कारभार पाहिला. ज्या मुलांसाठी हॉर्नबींनी पहिला पत्रा कापला होता, त्यांच्यापैकीच हा एक!

लहान घरांतही मावेल अशी आगगाडी कंपनीने १९३८ मध्ये काढली. तिच्या रुळांमधले अंतर फक्त १६.५ मिलिमीटर होते. ती पाहायला हॉर्नबी राहिले नव्हते. पुढे काळ बदलला. मुलांची आवड बदलली. १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना कायमचा बंद झाला. अनेक कारागिरांचे काम गेले. मात्र हॉर्नबी या नावाच्या आगगाड्या आजही विकल्या जातात. छोट्या रेल्वेचा छंद तर देशोदेशी पसरला आहे. आपल्या पुण्यातही १९९८ मध्ये जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले. त्यात चालत्या गाड्या आणि हलते सिग्नल पाहायला मिळतात.

मित्रांनो, हॉर्नबींजवळ मोठी पदवी नव्हती, पैसाही नव्हता. होती ती अर्ध्या इंचाची एक पट्टी आणि ती पुन्हा पुन्हा जोडून पाहण्याची चिकाटी. तुमच्या घरीही पुठ्ठा, दोरा आणि एखादा जुना नट नक्कीच असेल. आज संध्याकाळी पहिला सिग्नल तयार करून पाहा.

शब्दार्थ
सांधा – रेल्वेचा रूळ बदलण्याची जागा
यारी – जड माल उचलण्याचे यंत्र
गोदी – जहाजात माल चढवण्याची-उतरवण्याची जागा
रोखपाल – पैशांची देवघेव करणारा नोकर
हिशेबनीस – हिशेब लिहिणारा
उसने देणे – परत घेण्याच्या बोलीने देणे
भागीदार – धंद्यात वाटा असणारा
त्रिज्या – वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर
चिकाटी – काम अर्धवट न सोडण्याचा गुण

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म कोठे झाला?
(आ) पेटंट घेण्यासाठी हॉर्नबींना कोणी मदत केली?
(इ) हॉर्नबींची पहिली आगगाडी कशावर चालत असे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हॉर्नबींच्या सुरुवातीच्या खेळण्यांत कोणती अडचण होती? ती त्यांनी कशी दूर केली?
(आ) बाजूचा रूळ गाडीपेक्षा लांब का असावा लागतो?
(इ) सिग्नलची तार तुटल्यावर हात आडवा का व्हायला हवा?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : धीर येणे, भाग असणे, मेळ बसणे, विश्वास ठेवणे.

प्र. ४. पहिल्या वर्षांत नफा न मिळूनही हॉर्नबींनी काम का सोडले नसेल? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.

उपक्रम : पाठात सांगितल्याप्रमाणे पुठ्ठ्याचा सिग्नल तयार करा. तो वर्गात दाखवून त्याचे काम मराठीत समजावून सांगा.